मागच्या रांगेतल्या बरण्या

कुरुंदा, ता. वसमत
११ फेब्रुवारी

आदरणीय सर,

ईमेल तुम्ही उघडत नाही, फोन उचलत नाही, म्हणून हे रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. पोस्टमन सही घेतल्याशिवाय जाणार नाही, एवढी तरी खात्री.

तुमचा निरोप मिळाला. 'शेवटच्या आठवड्यांतली मोजमापं माझ्या निष्काळजीपणामुळे चुकली' असं दोन ओळींत लिहून दिलं तर प्रयोगशाळेत परत घेणार, नाहीतर माझी पीएचडी इथेच संपली. सर, मी ते लिहून देणार नाही. खरं तर पत्र इथेच संपायला हवं. पण सेमिनारमध्ये तुम्ही मला मधेच थांबवलंत, तेव्हा तिथलं राहिलेलं इथे लिहिते.

घरी आले तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, अंगणात हळद पसरत होते. त्यांनी विचारलं, "काहून आलीस गं मधीच?" त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते, म्हणजे मी घरी एक आणि तुमच्यापाशी दुसरं बोलत नाही हे कळेल. मी म्हटलं, अपघातात हाडाचा तुकडा गेला तर तिथे आम्ही स्पंजासारखा, बारीक छिद्रांचा एक सांगाडा बसवतो. त्यात पेशी वस्तीला येतात, नवं हाड धरतात आणि सांगाडा आपोआप विरघळून जातो. भिंत उभी राहिली की परांची काढतात, तसं. आत बसलेल्या पेशींना जगायला वाहतं द्रव लागतं. कमी मिळालं तर उपाशी मरतात, फार जोरात आलं तर वाहून जातात. म्हणून सांगाड्यातून किती द्रव जातं ते मोजावं लागतं. सर म्हणतात, त्यांच्या मोजमापांत प्रवाह शेवटपर्यंत तेवढाच राहिला, म्हणून पहिल्या दिवशी मोजा, त्यावर पंप लावा आणि शेवटपर्यंत हात लावू नका. मी म्हणते, सांगाडा रोज विरघळतो आहे, तर त्याची छिद्रं रोज तेवढीच कशी राहतील?

"मंग मोजून पाहाचं की," अण्णा म्हणाले. "त्यात भांडान कुठून आलं?"

मोजलंच होतं. सुरुवातीचे आठवडे प्रवाह जवळपास सारखा होता, मग एकदम कित्येक पटींनी वाढला. तुम्ही म्हणालात, पाणी सांगाड्याच्या तुकड्यातून गेलंच नाही, तुकडा नळीत नीट बसला नव्हता म्हणून कडेने निसटलं. इतकंच म्हणाला असतात तर मी पुन्हा बसवून दाखवला असता. पण तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हिच्या हातांना शिस्त नाही." जूनमध्ये हाच सांगाडा मेंढ्यांच्या पायात बसवायचा आहे, पुढे माणसांच्या. माझी मोजमापं खरी असतील आणि मी ती खोटी म्हणून सही करून दिली, तर उद्या जे मोडेल त्याखाली माझी सही असेल.

तेव्हा माफीपत्र नाही. बाकी तुमची तब्येत बरी असेल अशी आशा आहे.

तुमच्याच हाताखाली मोजायला शिकलेली,
प्रतिक्षा


कुरुंदा
५ मार्च

सर,

पोचपावती आली, तुमची सही आहे. उत्तर नाही. चालेल, मीही काही उत्तराची वाट बघत ओसरीवर बसलेली नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लपवली होती, ती आता सांगते. मी येताना सांगाड्याचे तुकडे घेऊन आले आहे. टाकून द्यायच्या खोक्यातले, कडा वाकड्या आल्या म्हणून बाजूला काढलेले. मी वाकड्या कडा कापून ते सारखे केले. खोकं मला कोणी उघडून दिलं ते विचारू नका, मी सांगणार नाही.

प्रयोग पुन्हा लावला आहे, घरात. हसा खुशाल.

शरीराइतकी ऊब हवी, तर ती अंड्यांच्या पेटीत मिळाली. माझी आत्या, शकुबाई, आमच्याकडेच राहते आणि गावरान कोंबड्या पाळते. अंडी उबवायची विजेची पेटी तिच्याकडे आहे. अंड्यांना जेवढी ऊब लागते ती माणसाच्या अंगापेक्षा किंचितच जास्त, आणि काटा तिथून हलत नाही. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. पेटीच्या खालच्या कप्प्यात मी बरण्यांच्या दोन रांगा लावल्या, पुढे एक, मागे एक. प्रत्येक बरणीत एक तुकडा आणि शरीरातल्या पाण्यासारखं खारट द्रावण, आठवड्याने बदलायचं. त्याच्या गोळ्या नांदेडहून आणल्या.

मोजायला पंपही नाही. माळ्यावर एक बादली ठेवली आहे, तिला वरच्या कडेला भोक, म्हणजे कितीही पाणी भरलं तरी पातळी तीच राहते. बादलीतून नळी खाली, नळीत घट्ट बसवलेला तुकडा, त्याखाली मोजपात्र आणि घड्याळ. तुम्हीच पहिल्या वर्षी शिकवलं होतं की यंत्र बिघडलं तरी उंची आणि वेळ बिघडत नाहीत. बरं शिकवलंत.

आत्याला माझी दया येते आहे. काल म्हणाली, "एवढी शिकली अन् सरांनी तुला अंडी उबवाया धाडलं व्हय?" मी म्हटलं, सरांनी धाडलं नाही, सर रुसले आहेत. तिला ते फार आवडलं. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की पोरीचे सर रुसून बसले हायेत लेकरागत. मी तिला थांबवलेलं नाही.

— प्रतिक्षा


कुरुंदा
६ एप्रिल

सर,

सगळं वाया गेलं. हे तुम्हाला कळवायची मला गरज नव्हती. पण चांगलं तेवढंच कळवलं आणि वाईट दडवलं तर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

आमच्या घरी शिळं पाणी ठेवत नाहीत. सकाळी पहिलं काम म्हणजे कालचं सगळं पाणी झाडांना ओतायचं आणि माठ, हंडे, तांबे नव्याने भरायचे. आत्या हे लग्नाआधीपासून करते आहे आणि तिच्या हातून एक दिवस चुकत नाही. आज सकाळी मी पेटीपाशी गेले तर ती आधीच तिथे बसलेली. एका हातात माझी बरणी, दुसऱ्यात तांब्या. बरणीतलं पाणी तिने कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलेलं आणि तुकडा बोटाने दाबून धरलेला.

"आत्या, हे काय करून राहिलीस?"

"शिळं पानी बदलून राहिले. तू तर आठ-आठ दिस ढुंकून पाहीनास."

"कधीपासून?"

"शिमग्यापासून. तुला तकलीफ नगं म्हनून बोलले न्हाई."

"सगळ्या बरण्यांचं?"

"म्होरल्या रांगेचंच. मागं हात पुरत न्हाई, अन् अंड्याला धक्का लागला म्हंजी?"

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. एकच लिहिते. मी तिला म्हणाले, "तुझ्या हातांना काही शिस्त आहे का?" वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की हे मी कुठे ऐकलं आहे. आत्या उठून गोठ्याकडे गेली आणि दिवसभर तिकडेच राहिली. मला तुमचा राग आला, कारण हे वाक्य मी तुमच्याकडून घरात आणलं.

संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणाली, "मला सांगायचं व्हतं ना पानी बदलायचं न्हाई म्हनून. मला काय ठावं तुमचं शिळंच लागतं?" तिचं बरोबर होतं. मी पेटी तिची वापरली आणि तिला एका शब्दाने सांगितलं नाही.

तर प्रयोग गेला. तरी माफीपत्र येणार नाही. प्रयोग बिघडणं वेगळं आणि मी खोटं मोजणं वेगळं.

— प्रतिक्षा


कुरुंदा
९ एप्रिल

सर,

बसा आणि मग वाचा.

बरण्या टाकून द्यायच्या आधी म्हटलं, मोजून तर बघू. पुढच्या रांगेतले तुकडे, म्हणजे ज्यांचं पाणी आत्याने रोज सकाळी बदललं ते, नळीत बसवले. प्रवाह जवळपास पहिल्या दिवसाइतकाच. मग मागच्या रांगेतले बसवले, ज्यांच्यापर्यंत तिचा हात पोचला नाही. मोजपात्र बघता बघता भरून वाहायला लागलं. मला वाटलं, कडेने निसटलं. काढलं, पुन्हा घट्ट बसवलं, पुन्हा तेच. अण्णांना बोलावलं आणि म्हटलं, तुम्ही बसवा. त्यांचे हात ठिबकच्या नळ्या जोडून तयार झालेले आहेत, थेंब गळू देत नाहीत. तरी तेच.

मग दोन्हींच्या पाण्यात आंबटपणा बघायची पट्टी बुडवली. पुढचं साधं होतं, मागचं आंबट.

आता कारण तुम्हाला मी सांगायला नको, पण सांगतेच, कारण सेमिनारमध्ये तुम्ही सांगू दिलं नव्हतंत. सांगाडा विरघळतो तेव्हा त्यातून आम्ल सुटतं. पाणी बदलत राहिलं तर ते धुऊन जातं. पाणी तसंच साचून राहिलं तर आम्ल आतच मुरतं आणि सांगाड्याला आणखी वेगाने खातं. छिद्रं रुंद होतात, मधल्या भिंती पडतात, प्रवाह एकदम वाढतो.

तुम्ही तुमच्या विद्यार्थ्यांना रोज सकाळी द्रव बदलायला लावता. स्वच्छता म्हणून लावता, ते ठीकच. मी एकटीने आठवड्याने बदलायचं ठरवलं, कारण हाडाच्या पोटात रोज सकाळी कोणी आत्या तांब्या घेऊन जात नाही. ते मी माझ्या पहिल्या अहवालात लिहिलंही होतं, तुम्ही त्याकडे न बघता पुढे गेलात. म्हणजे तुमचा आकडा पुढच्या रांगेचा आणि माझा मागच्या रांगेचा.

एक खोट आहे, ती मीच सांगते. आत्याने भरलं ते आमच्या बोअरचं पाणी, खारट द्रावण नव्हे. बोअरचं पाणी जड असतं, त्यातल्या क्षारांनीही आम्ल मारलं असेल. त्यामुळे एवढ्यावर मी काहीच सिद्ध झालं म्हणत नाही. उरलेल्या तुकड्यांवर आजपासून पुन्हा लावते आहे. यावेळी पुढच्या रांगेचं द्रावण रोज, त्याच गोळ्यांचं, आत्याच बदलणार. तिने स्वतः मागून घेतलं. म्हणाली, "बिघडवलं मी, तर नीट बी मीच करीन." मागच्या रांगेला आठवड्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. तुम्हीही तिकडे लावून बघा. तुमच्याकडे पंप आहे, निर्जंतुक खोली आहे, माणसं आहेत. आमच्याकडे कोंबड्या आहेत.

— प्रतिक्षा


कुरुंदा
२८ मे

सर,

तुम्ही अण्णांना फोन केलात. मला नाही, अण्णांना. मुलगी ऐकत नसली की बापाला सांगायचं, ही पद्धत तुमच्या शहरातही आहे हे मला माहीत नव्हतं.

मी तिथेच होते. फोनचा आवाज मोठा असतो, अण्णांना कमी ऐकू येतं. तुम्ही म्हणालात, पोरगी हुशार आहे पण हट्टी आहे, तिच्या आयुष्याचं नुकसान होईल, दोन ओळी लिहून द्यायला सांगा, पुढचं मी सांभाळून घेतो. अण्णा 'हां सर, हां सर' म्हणत ऐकत होते. मला भीती वाटली, कारण मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. मग म्हणाले, "सर, तुमी मोठे हाव. पन ती चुकली असंल तर आपसूक लिहून देईल. चुकली नसंल तर म्या सांगूनबी लिवणार न्हाई. अन् चुकली का न्हाई ते मला कळत न्हाई, तुमाला कळतंय. तुमी बघा की एकदा मोजून." आणि फोन ठेवून गुरांकडे गेले. नंतर मला म्हणाले, "लई झालं का गं माझं बोलनं?" मी म्हटलं, बराबर झालं. तुम्ही माझ्या वडिलांना या वयात असं बोलायची वेळ आणलीत, हे मी विसरणार नाही.

आता काम. दुसरा प्रयोग पुरा झाला. पुढच्या रांगेत तेच द्रावण रोज बदललं, प्रवाह फारसा हलला नाही. मागच्या रांगेत आठवड्याने बदललं, प्रवाह चढला. बोअरच्या पाण्याचा संशय गेला.

तुमचा पहिला आक्षेप होता की पाणी कडेने निसटतं. त्यासाठी एक केलं. हळदीचं पाणी फडक्यातून चांगलं गाळून घेतलं आणि तुकड्यांतून सोडलं. आमच्या गावात याहून पक्का रंग मिळायचा नाही. मग तुकडे ब्लेडने मधोमध कापले. पाणी कडेने गेलं असतं तर फक्त कडा पिवळ्या झाल्या असत्या. मागच्या रांगेतला तुकडा आतपर्यंत, अगदी मध्यापर्यंत पिवळा निघाला. आणि मध्य नुसता पिवळा नव्हता, मऊ होता. बोटाने दाबला तर चेपला. बाहेरचं कवच मात्र टणक.

हे पाहून मी ब्लेड खाली ठेवलं. सर, खऱ्या हाडात बसवलेल्या तुकड्याला या दोन्ही रांगा एकाच वेळी लागू होतील. बाहेरून रक्त वाहतं, तिथलं आम्ल धुऊन जाईल, कडा शाबूत राहतील. मध्यात काही पोचत नाही, तिथे ते साचेल. वरून हात लावाल तर घट्ट लागेल आणि आत पोकळ झालेलं असेल. मेंढी त्या पायावर भार देईल आणि तो तुकडा खचेल. आणि पायात घालण्याआधी पेशी वाढवताना पंपाचा दाब एकच ठेवलात, तर छिद्रं रुंदावल्यावर मधल्या पेशी पुरात सापडतील. दाब आठवड्या-आठवड्याला बदलायला हवा आणि द्रव मध्यापर्यंत खेळतं राहील अशी छिद्रं ठेवायला हवीत. कशी, तेही मी काढलं आहे. तक्ते आणि कापलेल्या तुकड्यांचे फोटो सोबत आहेत.

हीच प्रत मी प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीलाही पाठवली आहे. तुमच्या मागून नाही, तुम्हाला सांगून. पीएचडी जायची असेल तर जाऊ द्या. घरात हळद आहे, कोंबड्या आहेत, मी उपाशी मरणार नाही.

— प्रतिक्षा


कुरुंदा
१२ जून

सर,

चार महिन्यांनी तुमचं पत्र आलं. आत्याने सही करून घेतलं आणि माझ्याआधी पोस्टमनलाच विचारलं, "रुसवा गेला का?"

तुम्ही लिहिलं आहे, 'एप्रिलमध्ये तुझं पत्र आल्यावर आपल्याकडे दोन्ही पद्धतींनी करून पाहिलं. तुझ्यासारखंच आलं. मेंढ्यांचा प्रयोग पुढे ढकलला आहे. परत ये. माफीचा विषय आता संपला असं समज.'

वाचून मी रडले, हे कबूल करते. आनंदाने रडले. मोजलेलं खरं होतं, आणि तुम्ही मोजून पाहिलंत. आणखी एक कळलं. मे महिन्यात अण्णांना फोन केलात तेव्हा तुमच्या बरण्या लागलेल्या होत्या. तुमच्या मनात शंका होती आणि तरी तुम्ही माझ्याकडून सही मागत होतात. मी हे वाचून खूप वेळ अंगणात फेऱ्या मारल्या.

तर विषय संपला असं मी समजत नाही. मी सोमवारी येते. कामावर येते, दयेवर नाही. माझी जी मोजमापं 'चूक' म्हणून काढून टाकली, ती होती तशी परत नोंदवायची. शोधनिबंधावर पहिलं नाव माझं. आभारात शकुबाईंचं नाव राहील. काय म्हणून लिहू असं तिला विचारलं, तर म्हणाली, "पानी बदलनारी लिव." तसंच लिहिणार आहे, तुम्हाला ते हलकं वाटलं तरी.

आणि सेमिनार पुन्हा घ्यायचा. त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर, आणि यावेळी मी बोलत असताना कोणी थांबवायचं नाही. मी दोन्ही रांगा मांडेन. माझी मोजमापं खरी होती हे सांगेन. मग तुमची जुनी मोजमापं पडद्यावर लावीन आणि सांगेन की हीदेखील खरी आहेत, सरांचा हात चुकलेला नव्हता, त्यांनी फक्त पाणी बदललं होतं. माझ्याबद्दल एवढं बोलायला तुम्हाला फेब्रुवारीत जमलं नाही. तुमच्याबद्दल मी ते बोलणार आहे, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

प्रतिक्षा